बारा खाचरांचा धवला

हरेश आला तो मोटरसायकल बंद न करताच भांडायला लागला.

पोराच्या हळदीच्या दिवशी कुणी घरची ऊठबस सोडून पेणला जात नाही. पण दलालाचा सकाळी आठलाच फोन आला, ‘कागदात घोळ आहे, आत्ताच्या आत्ता या’, आणि हरेश गेला. आता साडेअकरा वाजले होते. अंगणात मांडवाचे बांबू उभे राहिले होते, मागे वड्यांचं पीठ भिजत होतं, आणि ज्याच्यासाठी हा सगळा थाट होता तो विशाल बनियनवरच खुर्च्या मांडत होता. बापाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आये कुठं हाय?”

हिरामण शिडी धरून उभा होता. शिडीवर त्याची मुलगी मृणाली, घराची दर्शनी भिंत रंगवत. धाकट्या भावाचा हा आवाज हिरामणच्या चांगला ओळखीचा होता. वडील, कान्हूबाबा, गेले त्या वर्षी वाटपाच्या बोलण्यात हाच आवाज लागला होता, आणि तेव्हा हिरामणनेच नमतं घेतलं होतं. घरात भांडण झालं की नमतं घ्यायचं काम त्याच्याकडे, हे जणू सातबाऱ्यावरच लिहिलेलं.

“गाडी बंद कर आधी,” तो म्हणाला.

“आये कुठं हाय, इचारलं मी.”

“पडवीत हाय. हळद दळते. झालं काय?”

“दादा, आपली खाचरं किती?”

हिरामणला प्रश्न कळला, पण तो आज का विचारला जातोय ते कळेना. “नऊ,” तो म्हणाला.

हरेशने गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. घामाने कपाळावर चिकटलेले चार केस मागे सारले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “तुला ठावं व्हतं?”

“मी कसतो रं ती. कसत व्हतो. मला नाय ठावं तर कोनाला?”

“मग धवल्यात बारा कशी?”

हिरामणपाशी उत्तर होतं, पण ते त्याचं त्यानेच धरून चाललेलं होतं आणि आता ते सांगायची लाज वाटली. हरेश तरातरा आत गेला. शिडीवरून मृणालीने विचारलं, “बाबा, काय झालं?” तर “तू रंगव” म्हणून तोही भावामागून गेला. शिडी तशीच सोडून.

आता हा धवला काय, ते सांगितलं पाहिजे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. तीच सगळे विधी करून घेते, तेही गाण्यांतून, आणि त्या गाण्यांना धवले म्हणतात. या दोघा भावांची आई काशीबाई पन्नास वर्षं या पंचक्रोशीची धवलारीण. तिच्या सासरच्या घराण्यात मात्र हळदीला एक जास्तीचा धवला असतो. घरची खाचरं नावानिशी गायची आणि नव्या जोडप्याच्या ओटीत घालायची. एकदा गायली की त्या जोडप्याचा त्यांच्यावर शब्द लागतो. पुढे त्यांना विचारल्याशिवाय ती कुणी विकायची नाहीत. कायद्यात हे कुठे नाही, पण या घरात चार पिढ्या कुणी मोडलंही नाही.

म्हणूनच हरेशने आठ दिवसांपूर्वी आईला बजावलं होतं, की यंदा खाचरांचा धवला वगळ. कारण खाचरं विकायची होती. तशीही ती पाण्याखालीच होती. खाडीला अडवणारा बाहेरकाठ्याचा बांध अकरा वर्षांपूर्वी फुटला, ती खांड कुणाला बुजवता आली नाही, आणि भरतीचं खारं पाणी दिवसातून दोनदा आत येऊन भाताच्या जमिनीची चिखलवट करून गेलं. आता तिथे एक कंपनी जेटी बांधणार होती. सोमवारी पेणला कागद. हिरामण, हरेश, बहीण शकू, तिघांनी होकार दिलेला. सही राहिली होती ती फक्त काशीबाईची, आणि ती हो म्हणत नव्हती की नाही म्हणत नव्हती.

पडवीत जात्यावर काशीबाई आणि शकू समोरासमोर बसल्या होत्या. शकू रोह्याकडे दिलेली, कालच आली होती. हरेशने खिशातून कागद काढून जात्याच्या पाळीवर ठेवला. हळदीचा पिवळा डाग लगेच कागदाला लागला.

“वाच.”

“मना चष्मा नाय,” काशीबाई म्हणाली.

“मी वाचतो. मोठं. उघाडीचं. सोनखार. तिवराखालचं. कोलीम. बाभळीचं. नवखार. आडवं. शिंपी. गोडवणी. लेकीचं. धाकटं.”

“बरोबर हाय. क्रम पन बरोबर हाय.”

“क्रम बरोबर हाय,” हरेश म्हणाला. “दलालानं मागच्या आठवड्यात म्हनलं, खाचरांची गावठी नावं लिहून द्या, नकाशाला जुळवतो. मी लिवली. कशी लिवली? धवला मनात म्हनला आन लिवली. हाताला थांबावं लागलं नाय. आन आज त्यो मना म्हनतो, हरेशशेठ, नकाशात नऊच हायत, शेवटची तीन दाखवा. मी बोट ठेवलं. त्यो म्हनला, ही खाडी. आपिसातली दोन पोरं हसली. म्हनला, तुमी जमीन विकताय की दर्या?”

जातं थांबलं होतं. थांबवलं शकूने.

“शेवटची तीन म्हंजी लेकीचं पन?” तिने विचारलं.

“लेकीचं पन.”

“लेकीचं खाडीत हाय?”

“खाडीत हाय नाय. नायच हाय. कधीच नव्हतं.”

शकूने खुंटा सोडला आणि पिवळे हात तसेच मांडीवर ठेवले. तीस वर्षांपूर्वी याच पडवीत तिच्या हळदीला आईने गायलं होतं, लेकीचं खाचर लेकीला. सासरी सासू टोचायची, तुझ्या बापानं काय दिलं, तेव्हा ती मान ताठ करून सांगायची, माझ्या नावचं खाचर हाय माहेरी, दादा कसतो, मी मागत नाय एवढंच. जावांना सांगितलं. सुनांना सांगितलं. काल येतानाही नातीला सांगून आली.

“आये,” ती म्हणाली, “मी सही द्यायला सगळ्यांच्या आधी आले. का आले? माझ्या वाटनीचं खाचर जातंय, तर माझं मी ठरवते, असं म्हनून आले. मोठ्या मिजाशीत आले. आन माझं काय व्हतं? पानी?”

“तुझं व्हायचं व्हतं,” काशीबाई म्हणाली.

“म्हंजी?”

म्हातारीने जात्यातली हळद हाताने गोळा केली, सुपात टाकली. तिला घाई नव्हती, आणि तिच्या या घाई नसण्याचाच हरेशला लहानपणापासून संताप यायचा.

“मी लगीन होऊन आले,” ती म्हणाली, “तवा माझ्या सासूनं धवला म्हनला. त्यात नवखार व्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघाया गेले, आपलं नवखार कसं हाय. तर नुसता रेंदा. तिवरं आन खेकडे. मी रडत घरी आले, तुमच्या बापाला म्हनलं, तुझी आई खोटारडी हाय. सासूनं ऐकलं. मना वाटलं आता मारील. ती आत गेली, चिखल वाहायची पाटी आनली आन माझ्या डोक्यावर ठेवली. म्हनली, खोटं वाटतंय नं, मग खरं कर. चार वरसं मी पाटी वाहिली. तुमचा बाप, मी, तुमची आजी, आन जोळाची मानसं, घरटी येक. पाचव्या वरसाला नवखारात भात केलं. हा हिरामण तवा पोटात व्हता.”

तिने सुपातली हळद हाताने सारखी केली.

“तिच्या टायमाला पाच खाचरं व्हती. धवल्यात बारा. माझ्या टायमाला नऊ झाली. तीन तुमच्यासाठी व्हती.”

“आमाला कधी सांगितलंस?” हरेश म्हणाला.

“दर लग्नाला सांगितलं. तुझ्या हळदीला सांगितलं. गाऊन सांगितलं.”

“गाऊन सांगितलं म्हंजी फसवलं. कोनाला कळनार, यातलं खरं कुठलं न् व्हायचं कुठलं?”

“कसनाऱ्याला कळतं. ह्याला कळत व्हतं.” तिने हिरामणकडे हात केला. “ह्यानं कधी इचारलं नाय.”

सगळ्यांचे डोळे हिरामणकडे वळले. “मला वाटायचं,” तो म्हणाला, “आज्याच्या टायमाला वाहून गेली असतील तीन. म्हनून नाव राह्यलं.”

“कोन म्हनलं तुला?”

“कोनी नाय. मीच धरलं.”

काशीबाईने कपाळावर हात मारला, तो हळदीचाच होता. “व्हायचं ते गेलं असं धरून बसला ह्यो. आन तू,” ती हरेशकडे वळली, “तू नाय ते हाय म्हनून विकाया गेलास. येक पन पोर असं निघालं नाय, की बांधावर जाऊन मोजून येईल.”

“मोजायला राह्यलंय काय?” हरेशचा आवाज चढला. “नऊ पन नायत आता. अकरा वरसं पानी हाय. सोमवारी सही कर आन मोकळी हो. दलाल नऊची नावं घालून नवा कागद करतोय.”

“खांड पडली तवा तू कुठं व्हतास?” हे हिरामण म्हणाला. इतक्या सरळ आवाजात, की आधी कुणाला कळलंच नाही की तो रागावला आहे. “सहा वेळा बुजवली आमी. जोळाची मानसं घेऊन. पयल्या खेपेला साठ मानसं व्हती. शेवटच्या खेपेला अकरा. अकरा मानसांनी खांड बुजते व्हय? सगळ्यांनी मला काय सुनवलं ठावं हाय? तुझा सख्खा भाऊ येत नाय, आमी कशाला यावं.”

“मी रोह्याच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला व्हतो, दादा. रजा घेतली तर कामावरून काढत व्हते. तुझी मृणाली चार वरसं माझ्याकडं राहून शिकली, ती त्याच शिफ्टवर.”

ते खरं होतं. म्हणून हिरामणने पुन्हा नमतं घेतलं, आणि त्याचा त्याला पहिल्यापेक्षा जास्त राग आला.

काशीबाई जात्याचा आधार घेऊन उठली. “तंटा पुरे. हरेश, तुला सही पायजे नं?”

“पायजे.”

“देते. पन मग विशालला खाचरांचा धवला नाय. कमी करून नाय, नऊ म्हनून नाय, अजिबात नाय. धवल्यात दिलेलं मी विकनार नाय आन विकलेलं धवल्यात देनार नाय. चारला मांडवात बसतील सगळे. तवा सांग, सही की धवला.”

“आये, सगळ्या गावासमोर?”

“धवला सगळ्या गावासमोरच असतो,” काशीबाई म्हणाली, आणि भिंत बघायला बाहेर गेली.

मृणालीने सगळं ऐकलं होतं. पडवीची खिडकी शिडीला लागूनच होती, आणि या घरात हळू कुणी बोलतच नव्हतं.

ती रोह्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आठवडाभर तिथेच काकाच्या घरी राहते, काकीच्या हातचं जेवते. विशाल तिला सख्ख्या भावासारखा. पण जमीन विकायची ठरली त्या दिवसापासून काकाच्या ताटात तिला घास गिळवत नव्हता. बोलायची सोय नव्हती, कारण काका बरोबर म्हणाला होता, शिकली ती त्याच्याच शिफ्टवर. म्हणून तिने भिंत मागून घेतली. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा असतोच. मधे तिने चौक काढला, आणि चारी बाजूंनी चार दिवस राबून गावची खारजमीन काढली. आजची नव्हे, पुढची. बाहेरकाठा सलग. भाताच्या ओळी. पाणी सोडायच्या उघाडीच्या दारावर सौरदिवा, कोंडीत जिताडे मासे, बांधाबाहेर तिवरांची दाट रांग. मिठागरात काम करणाऱ्या बायकांना सावलीचा मांडव. बांधावरून सायकलीने कॉलेजला निघालेली मुलगी. काल गावातल्या बायका येऊन बघून गेल्या, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मृणालीला वाटलं होतं, निदान आजी तरी आपल्या बाजूची.

काशीबाई भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. पदराने डोळे पुसून जवळ गेली आणि चित्रातल्या बांधावर एका जागी बोट ठेवलं.

“ही खांड कोनी बुजवली?”

“बुजली आजी. हे पुढचं चित्र आहे.”

“पुढचं हाय ते कळतंय मना. कोनी बुजवली?”

“म्हणजे, लोकांनी.”

“कुठं हायत?”

मृणाली भिंतीकडे बघत राहिली. बांध होता, भात होतं, दिवा होता. चिखलात उतरलेला माणूस एकही नव्हता.

“देवानं बुजवली, का सरकारनं?” काशीबाई म्हणाली. “असं चित्र कोनाला पन आवडंल गो. काय करायला नको, नुसतं बघायचं. दलालाच्या आपिसात पन असंल असंच येक.”

मागे हरेश येऊन उभा होता. “हाय,” तो म्हणाला. “भिंतभर हाय. जेटीचं. झाडं पन हायत त्यात, न् निळं पानी. मानूस येक नाय.”

मृणालीला कानशिलात बसल्यासारखं झालं. दलालाच्या चित्राशी बरोबरी, आणि तीही काकाने करावी. चार दिवसांचं काम. हाताला पीठ लागून कातडी गेली होती.

“तुम्ही दोघं एक झालात तर,” ती म्हणाली. “काका, तुम्ही विकताय, तुम्हाला चित्राचं काय पडलंय? आणि आजी, तू नुसती गाऊन बसलीस पन्नास वर्षं. कोण बांधणार हे तुझ्या धवल्यात तरी कुठं आहे?”

“धवल्यात नसतं. धवल्याच्या दुसऱ्या दिवशी पाटी असायची. ती बंद झाली, ती माझी चूक,” काशीबाई म्हणाली. “माझ्या सासूनं माझ्या डोक्यावर ठेवली. मी माझ्या सुनांच्या डोक्यावर नाय ठेवली. वाटलं, पोरी शिकल्यात, राहू दे. मना माझाच राग हाय, तुझा नाय.”

मृणालीने बादलीतला ओला फडका उचलला आणि बांधाचा मधला हातभर तुकडा खसाखसा पुसून काढला. मागे गेरूचा लाल ओघळ राहिला.

“कोण कोण काढू?” तिने विचारलं. तिने फडका बादलीत आपटला. “येणार कोण, मला काय माहीत?”

“येनारे नको काढू. ज्यांनी यायला पायजे ते काढ,” म्हणून म्हातारी हळद चाळायला आत निघून गेली.

चार वाजता मांडव भरला, आणि हळदीपेक्षा भिंतीपुढेच गर्दी जास्त झाली.

हरेश विशालच्या पाटामागे बसला होता. बापाची जागा तीच. तिथून भिंत सरळ समोर येत होती, त्यामुळे बघायचं नाही ठरवूनही बघावं लागत होतं. पुसलेल्या जागी आता माणसांची रांग होती. मृणाली जेवली नव्हती. बोटाएवढी माणसं, पिठाच्या पांढऱ्या रेघांची, पण प्रत्येकाची ठेवण अशी पकडलेली की आंधळ्यानेही ओळखावं. गुडघाभर चिखलात उभं राहून एकाने दुसऱ्याच्या हातात चिखलाचं ढेकूळ द्यायचं, असं शेवटपर्यंत.

“मी एवढा वाकलेला हाय व्हय?” सखा भिंतीशी उभा राहून विचारत होता. सखा म्हणजे जोळाचा जुना मुकादम. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर काढायचं काम त्याचं होतं.

“त्याहून वाकलेला हायस,” कुणीतरी म्हणालं.

“आन ह्याला का काढलाय? ह्यो कधी आला व्हता? ह्यो पयल्या दिवशी येऊन इडी ओढून गेला.”

“मी इडी ओढून गेलो? तुझ्या बाजूचा बांध गळत व्हता, त्यात मी दोन दिवस घातले.”

शकू स्वतःला शोधत होती. सापडली तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. रांगेत ती सगळ्यात पुढे होती, जिथे खांड सर्वांत खोल होती. पण ती हसत नव्हती. “मला ढेकूळ धराया कोन शिकवनार? मी कधी केलंय?” ती मृणालीला म्हणाली, आणि आवाज असा की जणू उद्याच जायचं आहे.

आणि रांगेच्या मधे हरेश होता. कारखान्याचा निळा युनिफॉर्म फक्त त्याच्या अंगात. मृणालीने त्यासाठी मुद्दाम निळा रंग आणला होता. डोक्यावरचं टक्कलसुद्धा सोडलं नव्हतं. त्याच्या हातातलं ढेकूळ त्याने पुढच्याला द्यायचं की टाकून द्यायचं, हे चित्रातून कळत नव्हतं. पुढचा माणूस हिरामण होता, आणि त्याने दोन्ही हात पुढे केले होते.

हरेशला इतका संताप आला की त्याला क्षणभर ऐकूच येईना. मला विचारलं का? चार वर्षं माझ्या घरी राहिली. माझ्याच पोराच्या हळदीला, गावासमोर मला चिखलात उभा केला. उठावं आणि हात फिरवावा भिंतीवरून, ओलंच आहे अजून.

तोवर हळद सुरू झाली होती. काशीबाईने देवाचे धवले म्हटले, मांडवाचे म्हटले, उंबराचे म्हटले. आवाज वरच्या सुराला फाटत होता, पण चालत होता. विशालच्या अंगाला शकूने हळद लावली, त्याच्या आईने लावली, मग साऱ्या बायकांनी. मग काशीबाई थांबली. आता खाचरांचा धवला यायचा, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. बायका ओळ झेलायला तयार होऊन बसल्या.

काशीबाई गायली नाही. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, हरेशकडे बघत राहिली.

आधी कुणाला वाटलं पाणी हवं असेल. एकीने तांब्या पुढे केला, तिने तो बाजूला सारला. कुजबुज झाली. सखा भिंतीपासून आत आला. सोमवारच्या कागदाची बातमी कुणाच्या कानावर नव्हती असं नाही, पण आज ती इथे येऊन बसेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

विशालने मान वळवली. हळदीने त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. “बाबा,” तो हळूच म्हणाला, “नूतननं काल फोनवर विचारलं, तुमच्याकडचा तो धवला काय असतो. मी तिला म्हनून दाखवला. सगळा. आता नाय गायला तर उद्या लग्नात तिला काय सांगू?”

“तुला सगळा येतो?”

“तुमीच गाडीवर म्हनता की. रोहा येईपर्यंत.”

हरेशला हे माहीत नव्हतं. म्हणजे म्हणतो हे माहीत होतं, कुणी ऐकतं हे माहीत नव्हतं.

खिशात फोन थरथरला. दलाल. सकाळपासूनची सहावी वेळ. सोमवारी आई येणार ना, एवढंच विचारायचं असणार त्याला. हरेशला ती दोन पोरं आठवली, हसताना तोंडावर हात ठेवणारी. आणि हेही आठवलं की ती हसली तेव्हा त्याला लाज नव्हती वाटली, राग आला होता. त्याचं बोट खाडीवर होतं आणि त्याच्या मनात आलं होतं, हाय, इथंच हाय, तुमाला काय ठावं. नकाशावर बोट ठेवून तो दहा मिनिटं त्या माणसाशी भांडला होता, नसलेल्या तीन खाचरांसाठी.

तो उठला. पाटामागून पुढे आला आणि आईसमोर उभा राहिला. सगळ्या मांडवाला वाटलं, हा आता म्हातारीला हाताला धरून उठवणार.

“गा,” तो म्हणाला.

“काय गाऊ? नऊ?”

“बारा. बाराच्या बारा गा.”

“शेवटची तीन पान्यात हायत. तूच म्हनलास.”

“मला ठावं हाय ती कुठं हायत. गा म्हनतो ना.”

“मग सही नाय.”

“नाय तर नाय. माझ्या पोराची ओटी मोकळी ठेवतेस व्हय? उलट सही मागतोस म्हनून मलाच बोलतेस? गा आधी.”

काशीबाईने घसा खाकरला. मोठ्या खाचराला मोठा बांध, विशाल नूतनच्या ओटीत गो. बायकांनी झेललं. उघाडीच्या खाचराला गोडं पानी, विशाल नूतनच्या ओटीत गो. हिरामण मागे खांबाला टेकून उभा होता, तो रडत होता, आणि आपण रडतोय हे कुणी बघतंय का इकडे त्याचं लक्ष नव्हतं. नवखाराला शकूचा आवाज आईच्या आवाजात मिसळला. लेकीचं खाचर आलं तेव्हा शकू एकटीच गायली, मोठ्याने, जवळजवळ ओरडूनच, आणि काशीबाई तेवढ्यापुरती थांबली. धाकटं आलं. संपलं.

लगेच सखा उठला. “गायलं ते ठीक. पन खांड बुजवनार कोन? मागच्या खेपेला अकरा मानसं व्हती. मी घरोघरी फिरलो, कोनी दार उघडलं नाय.”

“दारं उघडली असती, तू शिव्या देत आलास,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, बाहेरकाठा खालच्या आळीच्या बाजूने फुटला, आधी त्यांनी यावं. खालच्या आळीचे तिघे एकदम उठले. अकरा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मांडवात बाहेर पडलं, कोण आला, कोण आला नाही, कुणी दगड पळवले, कुणाचा बैल कुणाच्या बांधावर चढला. विशाल हळदीने माखलेला मधोमध बसून होता आणि त्याच्या डोक्यावरून शिव्या जात होत्या.

हरेशने खिशातला फोन काढून बंद केला.

“गप बसा,” तो म्हणाला. कारखान्यातल्या मशिनरीवर ओरडून कमावलेला आवाज होता तो, सगळे गप्प बसले. “आज षष्ठी. उद्या रोह्याला लगीन. परवा अष्टमी, भांग लागतो, पानी कमी चढंल.” त्याने बोटांवर काही मोजलं नाही. वीस वर्षं शिफ्टच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाच्या तोंडून ते आपोआप आलं. “तिथीची पाऊनपट भरती, आठ पाऊने सहा. सहाला भरती, बारापर्यंत पानी उतरंल. मी साडेदहाला खांडीवर हाय. ज्याला भांडायचंय त्यानं तिथं येऊन भांडावं. ज्याला यायचं नाय त्यानं माझ्या पोराचं जेवन जेवावं आन गप घरी बसावं.”

“लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी?” विशालची आई म्हणाली. “आन नवी नवरी?”

“ती पन,” काशीबाई म्हणाली. “शकू, माळ्यावर जुन्या पाट्या हायत, त्यातली येक बघ, बूड शाबूत असलेली.”